जैववैद्यकीय अभियांत्रिकी : विद्यापीठ कसे निवडाल?

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री एक साधा प्रयोग करून पाहा. खोलीतला दिवा मालवा, मोबाइलची विजेरी लावा आणि तिच्यावर बोटाचे टोक अलगद टेकवा. बोट लालभडक उजळलेले दिसेल. विजेरीचा प्रकाश तर पांढरा असतो, मग बोटातून बाहेर येणारा प्रकाश लालच का? कारण पांढऱ्या प्रकाशातले निळे-हिरवे रंग रक्तातील हीमोग्लोबिन शोषून घेते; लाल रंग मात्र त्या मानाने सहज पार होतो.

याच गोष्टीवर आधारलेले एक उपकरण तुम्ही पाहिलेले आहे. २०२० सालच्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत कार्यकर्ते घरोघर फिरत होते. त्यांनी बोटाला चिमट्यासारखे जे लावले, तो पल्स ऑक्सिमीटर. त्याच्या एका जबड्यात दोन छोटे दिवे असतात. एकाचा प्रकाश लाल, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू घेतलेले हीमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते, तर प्राणवायू सोडून दिलेले हीमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते. समोरच्या जबड्यातील प्रकाशग्राहक दोन्ही प्रकाश किती पोचले ते मोजतो. त्यांच्या गुणोत्तरावरून रक्तात प्राणवायू किती आहे ते कळते.

पण एक अडचण उरते. बोटात केवळ धमनीतले रक्त नसते. कातडी, हाड, मांस, शिरांतले रक्त हे सारेच प्रकाश शोषते. त्यांतून धमनीच्या रक्ताचा हिस्सा वेगळा कसा काढायचा? हे कोडे टाकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली सोडवले. ते दुसऱ्याच एका मोजमापाच्या प्रयत्नात होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात सारखा अडथळा येत होता. तो काढून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आले, की ठोक्यागणिक बदलतो तो भाग धमनीच्या रक्ताचाच असणार. बाकीचे सारे जवळजवळ स्थिर. बदलता भाग तेवढा वेगळा काढला की काम झाले.

पाहा, या एवढ्याशा चिमट्यात किती विषय एकत्र आले. प्रकाशाचे शोषण हे भौतिकशास्त्र. अंधुक प्रकाशाचे विद्युत-संकेतात रूपांतर हे इलेक्ट्रॉनिकी. स्थिर भागातून बदलता भाग वेगळा काढणे हे गणित. धमनी, शीर आणि हीमोग्लोबिन हे शरीरक्रियाशास्त्र. आणि आलेला आकडा खरा आहे का, हे शेकडो माणसांवर पडताळणे हे संख्याशास्त्र. या साऱ्यांची सांगड घालणारी जी विद्याशाखा, ती जैववैद्यकीय अभियांत्रिकी. बोलीभाषेत तिलाच ‘बायोमेडिकल’ म्हणतात.

मशीनची डॉक्टर

दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात, आमच्या केजच्या महाविद्यालयात एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. बारावीला तिला चांगले गुण होते. आजीच्या आजारपणात ती काही दिवस एका रुग्णालयात राहिली होती. तेथे एक यंत्र कापडाने झाकून ठेवलेले तिने पाहिले. चौकशी केली तेव्हा ‘बंद आहे, दुरुस्तीला माणूस यायचा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तपासणीसाठी आजीला दुसऱ्या गावी न्यावे लागले. ते तिच्या मनात राहिले.

वडील म्हणाले, “सर, पोरगी म्हणती, मशीनची डॉक्टर व्हायचंय. आसं काही असतंय का?”

“असतंय की,” मी म्हणालो. मग तिची गुणपत्रिका पाहिली आणि माझा चेहरा उतरला. भौतिकशास्त्र होते, रसायनशास्त्र होते, जीवशास्त्रही होते, गणित नव्हते. ‘वैद्यकाशी संबंधित शाखा म्हणजे जीवशास्त्र पुरे’ असे कोणीतरी सांगितले आणि अकरावीतच तिने गणित सोडले होते.

मित्रहो, हा लेख मुख्यतः त्या चुकीपायी लिहीत आहे. शाखेच्या नावात ‘वैद्यकीय’ असले तरी ती अभियांत्रिकीची शाखा आहे. आपल्या राज्यात तिच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावेच लागते, आणि सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित हा गट द्यावा लागतो. जीवशास्त्र-गटाची सीईटी किंवा नीट येथे उपयोगी पडत नाही. तेव्हा दहावीनंतर विषय निवडताना ज्यांच्या मनात ही शाखा आहे, त्यांनी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. दोन्ही झेपणार नसतील तर गणित ठेवावे. जीवशास्त्र पुढे शिकता येते, कारण या शाखेच्या अभ्यासक्रमात शरीररचना आणि शरीरक्रिया मुळापासून शिकवतात. गणिताला मात्र कोणी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पदवी घेतलेला माणूस रुग्णावर उपचार करीत नाही. वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही म्हणून ‘त्याच्यासारखेच काहीतरी’ समजून येथे येणारे विद्यार्थी पहिल्याच सत्रात, विद्युतमंडले आणि अवकल समीकरणे पाहून, खट्टू होतात. ज्याला बंद पडलेला रेडिओ उघडून पाहावासा वाटतो आणि माणसाच्या दुखण्याचीही कळकळ आहे, त्याच्यासाठी ही वाट आहे.

गरज किती?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची देशभर मोजदाद केली. निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली. त्यावर उपाय म्हणून २०१५ साली उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. यंत्र विकत घेणे सोपे, ते चालू ठेवणे अवघड, हा त्याचा धडा.

आपल्या केजपासून तीसएक किलोमीटरवर अंबाजोगाई आहे. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७०च्या दशकात, ग्रामीण भागाला डॉक्टर मिळावेत या हेतूने उभे राहिले. डॉक्टर खेड्याकडे आले. त्यांच्या यंत्रांची निगा राखणारा, आणि आपल्या हवेला, धुळीला, विजेच्या लहरीपणाला तोंड देतील अशी यंत्रे घडवणारा अभियंताही आता त्यांच्यामागून यायला हवा.

शिवाय बाहेरून आलेले यंत्र आपल्याला जसेच्या तसे लागू पडेल असेही नाही. ऑक्सिमीटरचेच पाहा. त्वचेतील काळसर रंगद्रव्यही प्रकाश शोषते. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की प्राणवायू धोक्याइतका कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवला, असे प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा घडले. उपकरण कोणाच्या बोटावर पारखून घेतले, याला किती महत्त्व आहे! आपल्या माणसांच्या बोटांवर ते पारखणारे अभियंते आपल्यातूनच निघायला हवेत.

नावांचा घोळ

जैववैद्यकीय अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान, जैवमाहितीशास्त्र, वैद्यकीय इलेक्ट्रॉनिकी, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान ही नावे ऐकायला एकसारखी, पण वाटा वेगळ्या आहेत. जैवतंत्रज्ञानात पेशी, जनुके, किण्वन यांचे काम. प्रयोगशाळा तंत्रज्ञ रक्त-लघवीच्या तपासण्या करतो. जैवमाहितीशास्त्रात संगणकावर जनुकांच्या माहितीचे विश्लेषण चालते. यंत्र घडवणे, तपासणे आणि चालू ठेवणे हे ज्यांना करायचे आहे त्यांनी पदवीच्या नावावर न जाता आत काय शिकवतात ते पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही शाखा शिकवणारी संस्था निवडायची कशी? मी विद्यार्थ्यांना पाच कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी : पाया

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चारही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो उघडा आणि त्याच विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिकी शाखेच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवा. गणिताची सत्रे किती? विद्युतमंडले, संकेत-प्रक्रिया, संगणक-लेखन, पदार्थविज्ञान यांना जागा किती? या शाखेचा एक धोका आहे. अनेक विषयांचे थोडेथोडे चाखायला मिळते आणि एकही पचत नाही. ज्या अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिकी किंवा यामिकी यांपैकी एक तरी पाया पक्का होतो, तो चांगला समजावा. उद्या नोकरी बदलावी लागली, तर हाच पाया उपयोगी येईल.

दुसरी कसोटी : रुग्णालय किती दूर?

ही कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिचे कारण एका झडपेच्या गोष्टीतून सांगतो.

हृदयाची झडप बिघडली तर कृत्रिम झडप बसवतात. पूर्वी अशा झडपा परदेशातून येत आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यविशारद प्रमुख होते. ही झडप आपण येथेच करायची, असे त्यांनी ठरवले. त्या संस्थेचे वैशिष्ट्य असे, की एकाच संस्थेची दोन अंगे आहेत : एक रुग्णालय आणि दुसरे तंत्रज्ञान-विभाग.

काम किती कठीण होते याचा हिशेब तुम्हीच करा. हृदय मिनिटाला ७२ वेळा आकुंचन पावते असे धरा. ७२ × ६० × २४ × ३६५ म्हणजे वर्षाला ३,७८,४३,२०० वेळा ती झडप उघडायची आणि मिटायची, तीही अनेक वर्षे, एकदाही न अडकता आणि रक्ताची गुठळी होऊ न देता! पहिले तीन नमुने बाद करावे लागले. एकदा अतिशय कठीण अशा कृत्रिम नीलमण्याची चकती वापरून पाहिली. तीही टिकली नाही. चौथ्या नमुन्यात चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची, घेतली आणि तोच उतरला. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली. त्यानंतर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवली गेली आहे.

तीन अपयशांनंतरही हे काम चालू का राहिले? बिघाड कोठे झाला हे शल्यविशारद अभियंत्याला सांगू शकत होता, आणि अभियंता दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागू शकत होता. दोघांच्या मध्ये भिंत नव्हती. दिल्लीत हाच विचार करून आयआयटी आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी १९७१ साली जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे संयुक्त केंद्र काढले.

म्हणून संस्थेत चौकशी करताना विचारा : तुमचा कोणत्या रुग्णालयाशी करार आहे? विद्यार्थी तेथे किती आठवडे जातात? नुसते ‘भेट देऊन’ येतात, की यंत्र उघडून पाहू देतात? कागदावरचा करार आणि रोजचे येणेजाणे यांतला फरक दोन प्रश्नांत कळतो.

तिसरी कसोटी : मान्यता

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता हवी, हे तर पहिलेच. त्याखेरीज राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, एकेका शाखेचे स्वतंत्र मूल्यमापन करते. येथे बारीक लक्ष द्या. ‘आमचे महाविद्यालय मूल्यांकित आहे’ असा फलक असतो, पण ते मूल्यांकन संगणक किंवा यंत्र शाखेचे असू शकते. ‘बायोमेडिकलचे आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत?’ असे विचारा. भारत २०१४ साली वॉशिंग्टन करारात सामील झाला. त्या करारामुळे ठरावीक श्रेणीचे मूल्यांकन असलेल्या पदव्यांना परदेशी शिक्षणात व व्यवसायात मान्यता मिळणे सोपे जाते. पुढे बाहेर जाण्याचा विचार असेल तर हे आत्ताच पाहिलेले बरे.

चौथी कसोटी : माणसे आणि प्रयोगशाळा

शाखाप्रमुखांचे शिक्षण याच विषयातले आहे का? प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत का? शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी कोणते प्रकल्प केले? सर्वांत उपयोगी प्रश्न हा : गेल्या तीन वर्षांत या शाखेतून किती जणांना नोकरी मिळाली, असे विचारू नका; याच क्षेत्रात किती जणांना मिळाली, असे विचारा. पुष्कळ विद्यार्थी पदवी घेऊन संगणक कंपन्यांत जातात. त्यात वाईट काही नाही. पण जर तेच करायचे, तर ही वाट कशाला?

शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांच्याशी बोला. माहितीपत्रक जे सांगत नाही ते चहाच्या टपरीवर कळते.

पाचवी कसोटी : खर्च

आमच्या तालुक्यात दिवाळीच्या सुमारास कित्येक घरे ऊसतोडीला जातात. तेव्हा खर्चाचा विचार करण्यात कमीपणा मानू नका. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्त्यांची दारे उघडतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या त्यांतल्या दोन योजना. २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास वर्गांत मोडणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने जागा घेतली तर या सवलती हातच्या जातात. मुंबईत शुल्कापेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च जड जातो, हेही हिशेबात धरा.

संस्था कोठे आहेत?

महाराष्ट्रात ही शाखा प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाच्या परिसरात वाढली. वडाळ्याचे विद्यालंकार, वांद्र्याचे थडोमल शहानी, विलेपार्ल्याचे द्वारकादास संघवी, कामोठ्याचे एमजीएम अशा महाविद्यालयांत ती गेल्या काही दशकांत शिकवली गेली. परंतु मागणीनुसार जागा कमी-जास्त होतात, एखाद्या ठिकाणी शाखा बंद होते, दुसरीकडे नवी निघते. म्हणून कोणाचीही जुनी यादी, या लेखातलीसुद्धा, प्रमाण मानू नका. प्रवेशाच्या वर्षी सीईटी कक्षाने दिलेली यादी आणि माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादची आयआयटी, रायपूर आणि राउरकेला येथील एनआयटी यांत पदवीला ही शाखा आहे. तेथे प्रवेश जेईई परीक्षेतून होतो.

आडवाट, पण पक्की

समजा, यांपैकी कोठेच जमले नाही, तर? निराश होऊ नका. पदवीला उपकरणशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी किंवा यंत्र अभियांत्रिकी घ्या आणि पदव्युत्तर शिक्षणाला या विषयाकडे वळा. आपल्या मराठवाड्यात नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी संस्थेत उपकरणशास्त्र शिकवतात. पुण्याच्या सीओईपीतही ती शाखा आहे. गेट परीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन कित्येक वर्षे चालू आहे. खरगपूरच्या आयआयटीने तर उलट वाट काढली : तेथे एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना तंत्रज्ञान शिकवतात.

मुंबईच्या आयआयटीत २०१४ साली ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणे घडवणारे केंद्र राज्य शासनाच्या साहाय्याने सुरू झाले. पुण्याची सीओईपी आणि नागपूरची व्हीएनआयटी येथेही त्याच्या शाखा निघाल्या. तेथील तरुण अभियंत्यांनी साध्या स्टेथोस्कोपला जोडता येणारे एक उपकरण केले. त्यामुळे करोनाच्या काळात डॉक्टरांना रुग्णापासून दूर राहूनही छातीतला आवाज ऐकता आला. या केंद्रात निरनिराळ्या शाखांचे अभियंते डॉक्टरांबरोबर काम करतात.

आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव तर लक्षात ठेवाच. सीटी स्कॅन यंत्र त्यांनी घडवले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्याने घेतले. १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक या भौतिकीतज्ज्ञासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाउन्सफील्ड यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे शिक्षण अभियांत्रिकीच्या पदविकेपर्यंत झाले होते. यावरून विद्यापीठ निरुपयोगी असे कोणी समजू नये. विद्यापीठ दार उघडून देते. आत किती चालायचे ते आपल्यावर असते.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

त्या दिवशी मी तिला दोन मार्ग सांगितले : आहे त्या गुणांवर विज्ञानाची पदवी घ्यायची, किंवा परीक्षा मंडळाच्या ‘तुरळक विषय’ सोयीतून बारावीचे गणित देऊन पुन्हा सीईटीला बसायचे. दुसऱ्या मार्गात एक वर्ष जाणार होते. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एक वरीस जाऊ द्या सर. आमचं तर उसाच्या फडात लई गेलेत.”

ती वर्षभर संध्याकाळी गणित शिकायला येत होती. कलनशास्त्र तिला जड गेले, पण ती चिकाटीने बसली. आज ती मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात उपकरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. बायोमेडिकलच्या ज्या जागा तिला मिळत होत्या, त्यांना पाच कसोट्या लावून तिने स्वतःच त्या सोडल्या. गेटनंतर त्या विषयाकडे वळायचे तिने ठरवले आहे. दिवाळीत भेटायला आली तेव्हा तिने पिशवीतून एक तारांचे जंजाळ काढले आणि माझे बोट त्यात धरायला लावले. लाल दिवा, प्रकाशग्राहक आणि एक छोटासा पडदा. पडद्यावर माझी नाडी डोंगररांगेसारखी धावत होती.

तिचे एक वर्ष गेले. तुमचे जाऊ नये. जे आता दहावीत आहेत त्यांनी विषयांचा अर्ज भरण्यापूर्वी हा लेख घरी वाचून दाखवावा. शिक्षक बंधुभगिनींनीही ‘वैद्यकीय’ शब्द ऐकताच विद्यार्थ्याला गणित सोडायला सांगू नये, ही विनंती.